‘ॲपर्चर’चे भाषांतर : छिद्र, द्वार आणि विवृती

बेंगळुरूमधील इंदिरानगर या वसाहतीच्या दक्षिणेकडून जुन्या विमानतळाचा रस्ता जातो. त्या रस्त्याने पूर्वेस विमानपुराकडे गेले, की भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे यू. आर. राव उपग्रह केंद्र लागते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेलेल्या ‘निसार’ या भारत-अमेरिका संयुक्त उपग्रहाची जुळणी या केंद्राच्या देखरेखीखाली बेंगळुरूत झाली. ‘निसार’ हे नाव आद्याक्षरांचे आहे. त्यातील पहिली दोन अक्षरे दोन संस्थांची आहेत आणि उरलेली तीन ‘सिंथेटिक ॲपर्चर रडार’ या उपकरणाची. मराठी वृत्तपत्रांनी हे नाव देवनागरी लिपीत जसेच्या तसे उतरविले. ‘रडार’ हा शब्द मराठीत केव्हाच रुळला आहे. ‘सिंथेटिक’ हा कापडाच्या दुकानातून घराघरांत पोहोचला आहे. अडचण आहे ती मधल्या शब्दाची. ‘ॲपर्चर’ म्हणजे उघडी जागा, वाट, भोक, तोंड. परंतु या उपकरणात तर कोठेच भोक नाही. मग मराठीने त्याला काय म्हणावे?

हा प्रश्न केवळ परिभाषाकाराचा नाही. उघड्या जागेला दिलेले नाव तिच्याकडे पाहण्याची एक दृष्टी ठरवून टाकते. भिंतीत काही उणे आहे असे पाहिले तर ते ‘भोक’. तेथून जा-ये होते असे पाहिले तर ‘दार’. काही आत घेतले वा बाहेर टाकले जाते असे पाहिले तर ‘तोंड’. आणि तेथून दिसते असे पाहिले तर ‘डोळा’. संस्कृतातील ‘गवाक्ष’ हा बैलाचा डोळा आहे आणि ‘वातायन’ ही वाऱ्याची वाट. इंग्रजीतील खिडकीवाचक शब्द ज्या जुन्या नॉर्स शब्दापासून आला त्यात वारा आणि डोळा असे दोन्ही एकत्र नांदतात. इंदिरानगरात ज्या कन्नड भाषेचा शेजार मराठी रहिवाशाला लाभतो, तिच्यात खिडकीला ‘किटकी’ म्हणतात. पण तिचा खरा ठेवा ‘किंडी’ या शब्दात आहे. किंडी म्हणजे लहानशी फट वा झरोका, आणि ‘बेळकिंडी’ म्हणजे उजेड येण्यासाठी ठेवलेली किंडी. उडुपीच्या कृष्णमंदिरातील ‘कनकन किंडी’मुळे या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे तो कोणत्याही परिभाषाकोशात मावणार नाही: ज्याला दारातून प्रवेश नव्हता त्या कनकदासाला ज्या फटीतून दर्शन घडले, अशी परंपरेने मानलेली ती जागा. (‘किंडी’ आणि मराठीतील ‘खिंड’ यांचे ध्वनिसाम्य मोहक आहे, परंतु तेवढ्यावरून व्युत्पत्तीचा दावा करू नये.)

मराठीचे स्वतःचे भांडारही लहान नाही. सुईच्या छिद्राला मराठीत ‘नेढे’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तोच राजगडाच्या सुवेळा माचीवरील आरपार खडकालाही लावला जातो. मोत्यात वा कानाच्या पाळीत पाडलेले भोक ते ‘वेज’. माळवदाच्या घरात उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेले ते ‘साणे’. किल्ल्याच्या तटात बंदुकीसाठी ठेवलेल्या त्या ‘जंग्या’, आणि महादरवाजाच्या पोटातील लहान दार ती ‘दिंडी’. तट तोफेने फुटला तर तेथे ‘खिंडार’ पडते. हे शब्द आकार सांगत नाहीत. ते प्रयोजन सांगतात. साण्यातून बंदूक डागत नाहीत आणि जंगीतून धूर काढीत नाहीत. परिभाषा घडविताना मात्र या शब्दांकडे पाहिलेच गेले नाही असे म्हणणे भाग आहे. १९४८ साली य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ सिद्ध केला. १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे त्याने विषयवार परिभाषाकोशांची मालिकाच प्रसिद्ध केली. १९६१ साली केंद्रीय पातळीवर वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग आला. या सर्व उद्योगाचा कल संस्कृत धातूंकडे होता आणि त्याला सबळ कारणही होते. संस्कृत धातूपासून नाम, विशेषण, क्रियापद, समास असे सारे कुटुंब उभे करता येते. ‘नेढे’पासून तसे कुटुंब उभे करणे अवघड आहे.

मात्र संस्कृत शब्दही रिकाम्या हाताने येत नाहीत. ‘छिद्र’ हा ‘छिद्’ म्हणजे तोडणे या धातूपासून आला आणि ‘दोष’ हा त्याचा दुसरा अर्थ तितकाच जुना आहे. मराठीत दुसऱ्याचे उणे शोधणारा तो ‘छिद्रान्वेषी’. ‘रंध्र’ हा राजनीतीच्या ग्रंथांत शत्रूच्या मर्मस्थानासाठी येतो. वनस्पतिशास्त्रात ‘पर्णरंध्र’ म्हणताना कोणाला शत्रू आठवत नाही हे खरे. कारण तेथे समासाने जुना अर्थ झाकला आहे. परंतु तेथेही दृष्टीचा एक फरक उरतोच. ज्या ग्रीक शब्दावरून इंग्रजी संज्ञा आली त्याचा अर्थ ‘तोंड’. मराठीने ते तोंड टाकून दिले आणि ‘पानावरील भोक’ एवढेच ठेवले: कोठे आहे ते सांगितले, कशासाठी आहे ते नाही. कीटकांच्या बाबतीत मात्र ‘श्वासरंध्र’ म्हणून प्रयोजन सांगितले.

येथे जपानी भाषेची तुलना उपयोगी पडते. ती करण्यास आणखी एक कारण आहे. मराठीला संस्कृत जशी, तशी जपानीला चिनी ही शब्द घडविण्याची टांकसाळ होती. आणि युरोपीय विज्ञान आपल्या भाषेत आणण्याचा प्रश्न जपानी विद्वानांनी फार लवकर, तोही उघडपणे, मांडला. १७७४ साली सुगिता गेनपाकू, माएनो रयोताकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुल्मुस या जर्मन वैद्याच्या शरीररचनेवरील ग्रंथाच्या डच आवृत्तीचे भाषांतर ‘काइताई शिन्शो’ या नावाने प्रसिद्ध केले. त्याच्या प्रास्ताविकात भाषांतराचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘होन्याकू’, म्हणजे आपल्याकडे असलेलाच शब्द योजणे, जसे हाडासाठी हाडाचाच शब्द. दुसरा ‘गियाकू’, म्हणजे अर्थ पाहून नवा शब्द घडविणे. कूर्चेसाठी घडविलेला ‘नानकोत्सू’, अर्थात ‘मऊ हाड’, हा त्याचा नमुना. तिसरा ‘चोकुयाकू’, म्हणजे परकीय शब्दाचा उच्चारच चिनी अक्षरांत बांधणे. (आजच्या जपानीत ‘चोकुयाकू’चा अर्थ शब्दशः भाषांतर असा झाला आहे. भाषांतरविषयक संज्ञांचेही भाषांतर होत राहते.) ग्रंथीसाठी त्यांना शब्द सुचला नाही, तेव्हा डच उच्चारच त्यांनी ठेवला. पुढे १८०५ मध्ये उदागावा गेन्शिन याने त्या अर्थासाठी एक नवे अक्षरच तयार केले आणि तेच आज जपानी वैद्यकात रूढ आहे. उच्चाराचे उसने घेणे हे तेथे अखेरचे पाऊल नव्हते. एका पिढीचा मुक्काम होता. मराठीत मात्र ‘चोकुयाकू’ केला की प्रकरण मिटले असे मानण्याची सवय जडली आहे.

उघड्या जागांसाठी जपानीकडे चिनी अक्षरांचा एक लहानसा गट आहे: तोंडाचे अक्षर, भोकाचे अक्षर, दाराचे अक्षर आणि खिडकीचे अक्षर. पैकी तोंड आणि भोक या दोन्ही अक्षरांचे चिनी वळणाचे वाचन जपानीत एकच आहे, ‘को’, त्यातील ओकार दीर्घ. ऐकताना फरक कळत नाही, लिहिताना कळतो. (भोकाचे हेच अक्षर कन्फ्यूशियसचे आडनाव आहे, हे जाता जाता.) पानावरील रंध्र ते ‘किको’, म्हणजे ‘हवेचे भोक’, कीटकाचे श्वासरंध्र ते ‘किमोन’, म्हणजे ‘हवेचे दार’. जिथे मराठीने दोहोंना ‘रंध्र’च म्हटले तिथे जपानीने भोक आणि दार असा भेद केला. हा भेद निर्दोष आहे असे नाही. पानावरील रंध्रही उघडझाप करतेच, मग त्यालाही दार का म्हणू नये? पण भेद करावासा वाटला हेच महत्त्वाचे. तोंडाचे अक्षर तर व्यवहारात सर्वत्र आढळते: प्रवेशाचे तोंड, बाहेर पडण्याचे तोंड, आणि कचेरीतील ज्या जागी अर्ज द्यावयाचा ती ‘मादोगुची’, म्हणजे ‘खिडकी-तोंड’. महाराष्ट्रातील ‘एक खिडकी योजना’ जपानी वाचकाला न समजावता समजेल.

आता ‘ॲपर्चर’. इंग्रजीत हा एकच शब्द छायाचित्रकार, वास्तुविशारद, ज्योतिर्विद आणि रडारतज्ज्ञ असे सारे वापरतात. जपानीने तो एका शब्दात बांधण्याचा हट्ट धरला नाही. कॅमेऱ्यातील उघडझाप करणाऱ्या पडद्याला आणि त्याच्या मापाला ‘शिबोरी’ म्हणतात. ‘शिबोरू’ म्हणजे पिळणे, आवळणे. कापड आवळून बांधून रंगविण्याच्या आपल्या बांधणीसारख्या कलेचेही तेच नाव. छायाचित्रकाराचा हात वस्तुतः आवळतो आणि सैल सोडतो. शब्दाने हाताची क्रिया पकडली आहे, भोक नव्हे. इमारतीतील दारे-खिडक्या मिळून जो उघडा भाग होतो तो ‘काइकोबू’. आणि रडार व दुर्बिणीतील ‘ॲपर्चर’ ते ‘काइको’. या जोडशब्दातील पहिले अक्षर ‘उघडणे’ आणि दुसरे ‘तोंड’. ‘काइको’ला ‘करणे’ जोडले की क्रियापद होते, आणि ‘तोंड उघडताच पहिली गोष्ट’ अशा अर्थाच्या एका बोलीतल्या वाक्प्रचारातही तो येतो. म्हणजे हा शब्द वस्तूचा नाही, उघडण्याचा आहे. ‘सिंथेटिक ॲपर्चर रडार’ जपानीत ‘गोसेई काइको रेदा’ होते: पहिले दोन शब्द अर्थाने, तिसरा उच्चाराने. सुगिताच्या तीन प्रकारांपैकी दोन एका संज्ञेत शेजारी बसले आहेत. जपानने १९९२ पासून असे रडार वाहणारे उपग्रह सोडले आहेत आणि त्यांच्याविषयी शालेय वाचकासाठी लिहितानाही हीच संज्ञा वापरता येते.

हा शब्द उघडण्याचा असणे येथे का महत्त्वाचे, हे उपकरणाचे कार्य पाहिल्यावाचून कळणार नाही. ‘निसार’ची तबकडी १२ मीटर व्यासाची आहे आणि त्याच्या एका रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर. तरंगलांबीला व्यासाने भागले की झोताचा फैलाव कळतो. उपग्रह सुमारे ७४० किलोमीटर उंचीवर असल्याने हा झोत जमिनीवर पोहोचेपर्यंत साधारण १५ किलोमीटर रुंद होतो. एवढ्या रुंद झोताने घर किंवा शेताचा बांध वेगळा ओळखता येणार नाही. तो ओळखावयाचा तर काही किलोमीटर लांबीची तबकडी हवी, आणि ती अवकाशात नेणे अशक्य. त्यावरील युक्ती अशी: उपग्रह पुढे सरकत असताना जमिनीवरील एकच जागा अनेक ठिकाणांहून पाहतो, ते सर्व प्रतिध्वनी नोंदवून नंतर गणिताने एकत्र केले, की जणू त्या सर्व वाटचालीएवढी लांब तबकडी होती असे चित्र मिळते, आणि तपशील काही मीटरांपर्यंत येतो. ही जी किलोमीटरांची तबकडी, ती कोणी घडविलेली नाही. ती प्रवासाने आणि काळाने झाली आहे. ‘ॲपर्चर’ म्हणजे येथे लाटा स्वीकारण्यासाठी खुला असलेला विस्तार.

या विस्ताराला ‘छिद्र’ म्हटले तर काय होते ते पाहण्यासाठी अवकाशात जाण्याचीही गरज नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात. तेथेही हेच तत्त्व आहे, फक्त सरकणाऱ्या एका तबकडीऐवजी पसरलेल्या अनेक तबकड्या आणि फिरणारी पृथ्वी. या तत्त्वासाठी मार्टिन राइल यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खोडदच्या तबकड्यांचा पृष्ठभाग तारांच्या जाळीचा आहे. वारा त्यातून निघून जातो. ‘निसार’ची तबकडीही जाळीचीच. म्हणजे दोन्ही ठिकाणी छिद्रे असंख्य आहेत, पण ती ‘ॲपर्चर’ नव्हेत. आणि जे ‘ॲपर्चर’ आहे त्यात छिद्र नाही. लांब तरंगलांबीच्या लाटेला ती भोके दिसतच नाहीत. ‘संश्लेषित छिद्र रडार’ अशी संज्ञा वाचून जाळीकडे पाहणारा विद्यार्थी नेमका उलटा अर्थ घेईल, आणि दोष त्याचा नसेल.

हिंदी परिभाषेने ‘द्वारक’ हा शब्द घेतला आणि मराठी लेखनातही तो अधूनमधून येतो. तो छिद्रापेक्षा बरा, कारण दारात जा-ये आहे, उणेपण नाही. परंतु अंती जोडलेला ‘क’ लहानपणा सुचवितो. किलोमीटरभर पसरलेले ‘लहान दार’ कानाला विचित्र वाटते. त्याहून मोठी उणीव अशी, की ‘द्वारक’ बोलीत कोठेच नाही. भाषांतराचे जपानी अभ्यासक यानाबू आकिरा यांनी घडविलेल्या शब्दांच्या अशा मोहिनीला ‘कॅसेट’ परिणाम असे नाव दिले. ‘कॅसेट’ म्हणजे दागिन्यांची लहान पेटी. आत काय आहे हे ठाऊक नसताना केवळ पेटीच्या नक्षीमुळे शब्द मौल्यवान वाटतो. ‘द्वारक’ ही अशी पेटी आहे. न्यायाने पाहता देवनागरीतील ‘ॲपर्चर’ हीदेखील तशीच पेटी आहे, केवळ तिची नक्षी परदेशी.

पेटी भरणे अशक्य असते असे मात्र नाही. ‘कृष्णविवर’ हा शब्द मराठीत पक्का बसला आणि त्यात ललित लेखनाचा वाटा होता: १९७४ साली, म्हणजे राइल यांच्या नोबेलच्याच वर्षी, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविलेल्या विज्ञानकथेचे शीर्षक तेच होते. याच ठिकाणी जपानीने उच्चार उचलून ‘बुराक्कु होरू’ केले. तेव्हा एक भाषा सदैव अर्थाने आणि दुसरी सदैव उच्चाराने भाषांतर करते असा सिद्धान्त मांडता येणार नाही. ‘विवर’ शब्दावर भार मात्र फार पडला आहे. बीळ ते विवर, चंद्रावरील खळगा ते विवर, लोणार हेही विवर, आणि ज्यातून प्रकाशही सुटत नाही तेही विवर.

या ‘विवर’चा धातू मात्र पुन्हा पाहण्यासारखा आहे. ‘वि’ उपसर्ग आणि ‘वृ’ धातू: झाकण दूर करणे, उघडणे. ‘विवरण’ म्हणजे अर्थ उघडणे हा त्याच घरचा. लॅटिनमधील ज्या क्रियापदापासून ‘ॲपर्चर’ आला त्याचाही अर्थ ‘उघडणे’ हाच. आणि संस्कृत ध्वनिशास्त्रात तर हे सारे कुटुंब शतकानुशतके नांदत आले आहे: ‘विवृत’ आणि ‘संवृत’ स्वर, ‘विवार’ आणि ‘संवार’ हे प्रयत्न. तुलनाकारास येथे एक योग चुकविता येणार नाही. सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात ध्वनींचे वर्गीकरण तोंडाच्या उघडेपणाच्या मापाने केले आहे, स्पर्शवर्णांना शून्य आणि ‘आ’ला सहा, आणि त्या मापाचे फ्रेंच नाव ‘ॲपर्चर’ याच शब्दाचे भावंड आहे. त्या ग्रंथाचे जगातील पहिले भाषांतर जपानीत झाले, १९२८ मध्ये, कोबायाशी हिदेओ यांच्या हातून. आजच्या जपानी भाषाविज्ञानात या मापाला ‘काइकोदो’ म्हणतात, अर्थात ‘काइको’ची मात्रा. रडार आणि स्वर यांना जपानीने एकच शब्द दिला, आणि मराठीच्या हातात तोच दुवा ‘विवृत’च्या रूपाने आधीपासून होता.

‘विवृती’ ही संज्ञा ‘ॲपर्चर’साठी योजली तर काय मिळते? तिच्यात दोषाचा अर्थ नाही, आकाराची सूचना नाही, भिंतीची अपेक्षा नाही. उघडे असणे एवढेच आहे. शिवाय समास दोन्ही दिशांनी होतो. जपानीत ‘गोसेई काइको’ उलटविले की ‘काइको गोसेई’ होते, आणि उपग्रहावरचे रडार व खोडदची दुर्बीण यांच्या तंत्रांतील नाते शब्दांच्या क्रमातूनच दिसते. मराठीत ‘संश्लेषित विवृती’ आणि ‘विवृतिसंश्लेषण’ ही जोडी तेच करू शकेल. आक्षेप दोन आहेत. संस्कृतात ‘विवृति’ हा टीकाग्रंथाला लावण्याचा शब्द आहे. आणि दोन स्वर संधी न होता शेजारी राहणे याला ‘विवृत्ति’ म्हणतात, त्याच्याशी घोटाळा संभवतो. पहिला आक्षेप विज्ञानाच्या वाचकापुरता गौण आहे. दुसरा खरा आहे आणि एका तकाराने तो दूर होत नाही.

तद्भवाच्या बाजूने बोलणारे विचारतील, की ‘उघडणे’ हा धातू मराठीत जिवंत असताना ‘वृ’कडे का जावे? ‘उघडीप’ हा तर तयार शब्द आहे, आणि तोही काळात घडणाऱ्या उघडेपणाचा: पाऊस थांबतो, ढग हटतात, आभाळ काही वेळ मोकळे होते. प्रवासाने आणि काळाने घडलेल्या विस्ताराला याहून जवळचा मराठी शब्द सापडणार नाही. अडचण विचित्र आहे. प्रकाशचित्रे घेणाऱ्या उपग्रहाला पावसाळ्यात उघडीप लागते. रडारच्या लाटा ढगांतून पार जातात, म्हणून त्याला उघडीप लागत नाही, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य. ‘उघडीप न लागणारे उघडीप-रडार’ असे वाक्य शेतकऱ्याला हवामान समजावणाऱ्याच्या तोंडी फार काळ टिकणार नाही.

उरते ती शब्दाची खरी कसोटी, म्हणजे पाठ्यपुस्तकातील साधे वाक्य. ‘या उपग्रहाची तबकडी १२ मीटरची असली तरी तिचे छिद्र अनेक किलोमीटरांचे आहे’ हे वाक्य वाचणारा मुलगा थबकेल. ‘तिचे द्वारक अनेक किलोमीटरांचे आहे’ हे तो पाठ करील. ‘तिचे ॲपर्चर अनेक किलोमीटरांचे आहे’ हेही पाठच करील. ‘तबकडी १२ मीटरची, पण तिची विवृती अनेक किलोमीटरांची’ असे लिहिले, तर निदान शिक्षकाला ‘अ’ आणि ‘आ’ म्हणून दाखवीत तोंड किती उघडते तेथून आरंभ करता येईल.